ग्रीनवर चेंडू थांबत नाही, अंतराचा भरवसा राहत नाही: गोल्फचा नवा चेंडू घेण्याआधी करायच्या तपासण्या

लक्षणे

सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबचा (काठीचा), फटका नेटका बसतो, चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, मध्यावर उतरतो आणि तरीही दोन उड्या घेऊन मागच्या उतारावरून खाली जातो. पुढच्या होलवर त्याच क्लबने मारलेला, हाताला अगदी तसाच वाटलेला फटका दहा-बारा यार्ड अलीकडे पडतो. ग्रीनलगतची चिप, म्हणजे चेंडू किंचित उचलणारा छोटा फटका, एकदा दुसऱ्या उडीला जागच्या जागी धरते आणि दुसऱ्या वेळी झेंडा ओलांडून निघून जाते. पटरवर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबवर, चेंडू कधी टणक लागतो, कधी मऊ, आणि त्यामुळे लांबच्या पटचा, म्हणजे त्या घरंगळत्या फटक्याचा, अंदाज चुकत राहतो. ड्रायव्हरचे, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचे, अंतरही गेल्या वर्षीपेक्षा कमी झाल्यासारखे वाटते.

पुण्यात एका ड्रायव्हिंग रेंजला, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानाला, लागून असलेल्या छोट्या खोलीत मी गेली अठरा वर्षे ग्रिप बदलणे, शाफ्ट (क्लबची दांडी) बसवणे, लॉफ्ट आणि लाय, म्हणजे क्लबच्या डोक्याचे कोन, तपासणे ही कामे करतो. वरच्या तक्रारी घेऊन आलेली व्यक्ती बहुधा एकच प्रश्न विचारते: “कोणता चेंडू घेऊ?” प्रश्न योग्य आहे, पण त्याची वेळ बरीच नंतर येते. त्याआधीच्या पहिल्या चार तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि माझ्या टेबलापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारी त्या चारांतच मिटल्या आहेत. म्हणून खालचा क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ग्रीनवरची खूण

चेंडू थांबला नाही की आपण थेट चेंडूकडे चालत जातो. त्याऐवजी तो जिथे पहिल्यांदा उतरला, तिथे जाऊन उभे राहावे. तिथली खूण, म्हणजे पिच मार्क, कशी आहे यावरून पुढच्या तपासाची दिशा ठरते. गवत केवळ दबलेले असेल आणि खड्डा जवळजवळ नसेलच, तर ग्रीन कडक आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी पडले की बर्म्युडा गवताच्या ग्रीन चांगल्याच टणक होतात. सोबतच्या तिघांचे चेंडूही तसेच पुढे पळत असतील, तर चेंडूला किंवा क्लबला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या दिवशी ग्रीनच्या तोंडाशी किंवा त्याच्याही थोडे अलीकडे चेंडू उतरवावा आणि पुढची तपासणी दुसऱ्या दिवसावर ठेवावी.

खड्डा चांगला खोल आहे, माती उचकटली आहे आणि तरीही चेंडू दहा-पंधरा पावले पुढे गेला आहे, तर स्पिन, म्हणजे चेंडूची उलटी फिरकी, खरोखर कमी पडते आहे. खूण लांबट आणि पुढच्या बाजूला ओरखडल्यासारखी असेल, तर चेंडू फार सपाट कोनातून आला आहे. हा तिसरा प्रकार नीट ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण चेंडू थांबतो तो उलट्या फिरकीने जितका, तितकाच उंचावरून उभा उतरल्याने. ज्यांच्या स्विंगचा वेग कमी आहे त्यांच्या पाच नंबरच्या आयर्नचा फटका मुळात उंच जातच नाही, आणि ती उणीव महागातला महाग चेंडूही भरून काढू शकत नाही. तिथे आयर्नऐवजी हायब्रिड, म्हणजे चेंडू सहज उंच नेणारा क्लब, घेणे हाच उपाय आहे.

पावसाळ्यात हे चित्र उलटते. भिजलेल्या ग्रीनवर कोणताही चेंडू रुतून बसतो आणि दोष झाकला जातो. जुलैत ‘हा चेंडू छान थांबतो’ असे ठरवून घेतलेली डझनभर खरेदी डिसेंबरमध्ये निराश करते. थांबण्याची तुलना पावसाळ्यात करू नये.

बॅगेचा कप्पा

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याकडे आले होते. वेजचा, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या, उंच फटक्यांच्या क्लबचा, चेंडू थांबत नाही म्हणून त्यांनी नवी वेज घ्यायचे जवळजवळ नक्की केले होते. मी त्यांना बॅगेचा चेंडूंचा कप्पा टेबलावर रिकामा करायला सांगितला. सतरा चेंडू निघाले आणि त्यांत अकरा वेगवेगळे नमुने होते. चार चेंडूंवर कंपन्यांच्या स्पर्धांची बोधचिन्हे होती, तीन झुडपात सापडलेले होते, दोनांवर रंगाचा नवा थर दिलेला होता, आणि एकावर रेंजचा लाल पट्टा होता, जो बहुधा चुकून बॅगेत आला होता. त्यांना हव्या त्या प्रकारचे, म्हणजे युरेथेनच्या कवचाचे, चेंडू त्या सतरांत अवघे तीन होते. नवी वेज त्या दिवशी घ्यावी लागली नाही.

ही तपासणी इतकी साधी आहे की कोणी करत नाही. खरे तर अंतर आणि थांबणे यांतला बराचसा विसंगतपणा इथूनच येतो. बाजारातले चेंडू ढोबळमानाने दोन घराण्यांत विभागता येतात. पहिल्यात मोठा रबरी गाभा आणि त्यावर आयनोमरचे कवच असते. आयनोमर म्हणजे सर्लिन या नावाने ओळखले जाणारे चिवट, गुळगुळीत प्लॅस्टिक. हे चेंडू स्वस्त असतात, सहजासहजी कापले जात नाहीत, आणि ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यावर क्लबच्या फेसवरून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवरून, घसरतात, त्यामुळे फिरकी कमी घेतात. दुसऱ्या घराण्यात गाभ्याभोवती एक किंवा अधिक टणक थर आणि सर्वांत बाहेर युरेथेनचे पातळ, मऊ कवच असते. वेजचा फटका बसतो तेव्हा हे मऊ कवच आतला टणक थर आणि क्लबचा फेस यांच्यामध्ये दाबले जाते, फेसला घट्ट धरते, आणि त्या घर्षणातून फिरकी निर्माण होते. तीस-चाळीस यार्डांच्या पिचवर, म्हणजे वेजने मारलेल्या उंच, छोट्या फटक्यावर, या दोन घराण्यांत मिनिटाला दोन हजार किंवा त्याहून अधिक फेऱ्यांचा फरक पडू शकतो. ड्रायव्हरवर मात्र तेच दोन चेंडू बहुतेक खेळाडूंच्या हातून काही यार्डांच्या आतच पडतात. चेंडूच्या सुरुवातीच्या वेगाला आणि एकूण अंतराला नियमांनी मर्यादा घातलेली असल्यामुळे तिथे फार मोठा फरक राहायला जागाच नाही.

‘अंतर हवे तर टणक चेंडू, फिरकी हवी तर मऊ चेंडू’ हा समज जुना आहे आणि त्याच्या काळी तो खराही होता. बलाटा या रबरासारख्या पदार्थाचे मऊ कवच आणि आत ताणून गुंडाळलेला रबरी धागा असलेला चेंडू फिरकी देई, पण लवकर कापला जाई. सर्लिनचा चेंडू दूर जाई आणि ग्रीनवर थांबत नसे. ऑक्टोबर २००० मध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही वन प्रथम व्यावसायिकांच्या हाती आला. भरीव गाभा आणि युरेथेनचे कवच यांची जोड त्यात होती. त्यानंतर थोड्याच काळात धाग्याचे चेंडू व्यावसायिक खेळातून जवळजवळ नाहीसे झाले. आज ही दोन्ही वैशिष्ट्ये एकाच चेंडूत मिळतात, पण तुलना करताना अनेकजण अजूनही त्या जुन्या मापाने मोजतात.

या तपासणीचा उपाय असा: कप्प्यातले सगळे चेंडू नमुन्यानुसार वेगळे करावेत, ज्याचे किमान सहा आहेत असा एकच नमुना बॅगेत ठेवावा आणि त्यानेच तीन फेऱ्या खेळाव्यात. एकाच कंपनीचे दोन नमुनेही एक समजू नयेत. नाव सारखे असले तरी शेवटच्या अक्षरावरून कवच आणि थर बदललेले असतात. तीन फेऱ्यांनंतर तक्रार उरली, तरच पुढे जावे.

चेंडूचे अंग

चेंडू कोरड्या फडक्याने पुसून ट्यूबलाइटखाली तिरका धरावा आणि हळूहळू फिरवावा. त्याच्या अंगावरचे तीनशे-चारशे खळगे हवेला चेंडूला चिकटून वाहायला लावतात, त्यामुळे मागे ओढणारी हवा कमी होते आणि उलट्या फिरकीतून चेंडूला उचल मिळते. या खळग्यांच्या कडा नीट उमटलेल्या दिसायला हव्यात. सिमेंटच्या रस्त्यावर किंवा झाडावर आपटलेल्या चेंडूचे कवच एका जागी खरवडलेले असते आणि तिथे बोट फिरवले की मांजराच्या जिभेसारखे खरखरीत लागते. असा चेंडू हवेत भरकटू शकतो आणि त्याचे अंतर कमी होते. तो सरावाच्या पिशवीत टाकावा.

रंग दिलेले चेंडू ओळखायला थोडा सराव लागतो. त्यांचे खळगे उथळ दिसतात, कडा गोलसर झालेल्या असतात, आणि अंगठ्याच्या नखाने जोर देऊन खरवडले तर रंगाची बारीक पापडी निघते. एकदा अशा पापडीखालून मला दुसऱ्याच कंपनीचे नाव आणि वेगळाच आकडा दिसला होता. वर छापलेले नाव आतल्या चेंडूचे असेलच याची अशा वेळी खात्री देता येत नाही, आणि ज्या चेंडूचे घराणेच माहीत नाही त्याची तुलना करणे व्यर्थ आहे. तळ्यातून काढलेले पण रंग न दिलेले चेंडू त्या मानाने बरे असतात. मात्र ते पाण्यात किती दिवस होते हे विकणाराही सांगू शकत नाही.

इथे एक नियम लक्षात ठेवावा. होल खेळत असताना चेंडू कापला किंवा तडकला असेल तरच तो बदलता येतो. नुसत्या खरचटण्यासाठी बदलता येत नाही. म्हणून पाहणी टीवर, होल सुरू करण्याआधी करावी.

वजनाचा संशय असेल, तर घरातला मिठाचा डबा उपयोगी पडतो. नियमानुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. या मापांचा चेंडू साध्या पाण्यात बुडतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात सुमारे दीडशे ग्रॅम मीठ विरघळवले की तो तरंगू लागतो. वर आलेल्या भागावर मार्करने ठिपका द्यावा आणि चेंडू बोटाने फिरवावा. दर वेळी तोच ठिपका झटकन वर येत असेल, तर गाभा मध्यावर नाही आणि एक बाजू जड आहे. चांगल्या कंपन्यांच्या नव्या चेंडूंत हे क्वचित आढळते, म्हणून प्रत्येक चेंडूला मिठाची आंघोळ घालण्याची गरज नाही. पट सरळ मारूनही चेंडू एका बाजूला ढळत असेल, तेवढ्यापुरतीच ही परीक्षा करावी.

खाचा आणि ओल

स्पिनची तक्रार खरी ठरली आणि चेंडूही योग्य निघाला, तर आता वेज उलटी करून पाहावी. फेसवरच्या आडव्या खाचांमध्ये वाळलेली माती आणि गवताचा हिरवा लगदा भरलेला असेल, तर चेंडू किती चांगला आहे याला काही अर्थ उरत नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना दातांचा ब्रश एवढ्यावर काम होते. घट्ट बसलेली माती लाकडी टूथपिकने काढावी. लोखंडी खिळा किंवा सुरी वापरू नये. बाजारात खाचा धारदार करण्याचे हत्यार मिळते, तेही टाळावे. खाचांची रुंदी, खोली आणि कडांची धार यांना नियमांची मर्यादा आहे, आणि २०१० पासून ती अधिक कडक झाली आहे. घरी कोरलेली वेज स्पर्धेसाठी बाद ठरू शकते.

साफ केल्यावर नख खाचांना आडवे फिरवावे. फेसच्या टाचेकडच्या भागात, जिथे चेंडू क्वचित लागतो, नख प्रत्येक खाचेत अडकेल. नंतर मध्यावर, खालून दुसऱ्या ते पाचव्या खाचेवर फिरवावे. तिथे नख सरकून जात असेल, तर वेज झिजली आहे. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, भरपूर सराव करणाऱ्यांची सँड वेज सर्वांत आधी झिजते, कारण वाळू फेसला पॉलिश पेपरसारखी घासते.

खाचांचे मुख्य काम फेस आणि चेंडू यांच्यामध्ये आलेले पाणी आणि गवताचा रस बाजूला काढणे हे आहे. गाडीच्या टायरवरच्या नक्षीचे काम जसे पावसात कळते, तसेच हे. कोरड्या, स्वच्छ फेअरवेवर, म्हणजे आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, झिजलेली वेजही बऱ्यापैकी फिरकी देते, आणि म्हणूनच रेंजच्या कोरड्या मॅटवर दोष दिसत नाही. तोच चेंडू सकाळच्या दवात किंवा रफमध्ये, म्हणजे दोन इंच वाढलेल्या गवतात, असला की मध्ये ओलसर थर येतो, चेंडू फेसवर चढतो, नेहमीपेक्षा उंच निघतो आणि फिरकी न घेता उतरतो. मधल्या आयर्नने रफमधून मारलेला असा फटका दहा-पंधरा यार्ड जास्त जाऊन पुढे पळतो; इंग्रजीत त्याला फ्लायर म्हणतात. लक्षणांत सांगितलेला ‘तसाच वाटलेला पण वेगळा पडलेला’ फटका पुष्कळदा हाच असतो. ज्यांची पहिली फेरी सकाळी साडेसहाला सुरू होते, त्यांनी पहिले चार होल आणि शेवटचे चार होल यांची वहीत वेगळी नोंद ठेवावी. तक्रार पहिल्या चारांतच सापडली, तर ती दवाची आहे. फटक्याआधी फेस कोरड्या टॉवेलने पुसणे हा तिचा निम्मा इलाज आहे; उरलेला निम्मा म्हणजे, चेंडू पुढे पळणार हे गृहीत धरून अलीकडे उतरवणे.

हवा, थंडी आणि समुद्रसपाटी

अंतराची तक्रार घेऊन येणारे बरेचजण पुण्यात खेळतात आणि महिन्यातून एकदा मुंबईला खेळून आल्यावर अस्वस्थ होतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडू सुमारे दोन टक्के दूर जातो. दीडशे यार्डांच्या फटक्यात हा फरक तीन यार्डांचा, ड्रायव्हरवर चार-पाच यार्डांचा. ‘मुंबईची दमट हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो’ हे कारण जे सर्रास दिले जाते, ते बरोबर नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते आणि चेंडूवर तिचा परिणाम नगण्य असतो.

थंडीचा परिणाम अधिक ठळक आहे. डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांवर चेंडूचे रबर कडक होते आणि कमी उसळते, हवाही दाट असते, शिवाय आपले स्नायू आखडलेले आणि अंगावर स्वेटर असतो. दुपारच्या तीस अंशांच्या तुलनेत ड्रायव्हर सात-आठ यार्ड कमी गेला, तर त्यात बिघड काहीच नाही. चेंडू रात्रभर गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावेत, एवढे पुरते. खेळताना चेंडू मुद्दाम गरम करून वापरणे नियमांत बसत नाही.

मऊपणाची परीक्षा

चेंडूचा स्पर्श ही खरी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखू नये. पटर हातात असताना जो चेंडू मनाला पटत नाही, त्याने चांगला पट होत नाही. मात्र मऊपणा म्हणजे फिरकी नव्हे, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी समजावून सांगतो. डब्यावर ‘सॉफ्ट’ लिहिलेले बहुतेक चेंडू आयनोमर घराण्यातले, कमी कॉम्प्रेशनचे असतात. कॉम्प्रेशन म्हणजे दाबाखाली चेंडू किती दबतो याचे माप. बाजारात ते साधारण तीसच्या आसपासपासून शंभरच्या वरपर्यंत आढळते. कमी कॉम्प्रेशनचा चेंडू हाताला मऊ लागतो, पण वेजवर सहसा कमी फिरकी घेतो, आणि वेगवान स्विंग असलेल्या खेळाडूच्या हातून थोडा कमी वेगाने निघतो. ‘माझा स्विंग हळू आहे म्हणून मऊ चेंडू मला जास्त अंतर देईल’ या अपेक्षेनेही अनेकजण फसतात. मऊ चेंडू आवडतो म्हणून घ्यावा, यार्ड वाढतील म्हणून घेऊ नये.

स्पर्श म्हणून जे आपल्याला जाणवते, त्याचा मोठा भाग कानांतून येतो. चेंडू फेसवर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. आवाज आणि हातातला कंप मिळून मन ‘मऊ’ किंवा ‘टणक’ असा निकाल देते. याची खात्री करून घ्यायची असेल, तर दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून दहा फुटांवरून तीन नमुन्यांचे चेंडू आलटूनपालटून पट करावेत आणि कोणता मऊ हे सोबत्याला सांगावे. माझ्या खोलीबाहेरच्या सरावाच्या ग्रीनवर ज्यांनी हे केले, त्यांतले बहुतेक गोंधळले. तसे झाले तर स्पर्शाचा आग्रह थोडा सैल करून थांबणाऱ्या चेंडूला प्राधान्य देता येते. कापूस घालूनही जर एकच चेंडू दर वेळी ओळखता आला, तर त्या खेळाडूने स्पर्शावर तडजोड करू नये.

आता खरी तुलना

इथपर्यंत तक्रार टिकली, तरच पैसे खर्च करावेत, तेही थोडे. डझन न घेता तीन नमुन्यांची प्रत्येकी तीन चेंडूंची एकेक डबी घ्यावी: एक आयनोमरचा, एक युरेथेनचा मध्यम कॉम्प्रेशनचा, एक युरेथेनचा अधिक कॉम्प्रेशनचा. तिन्ही नमुने आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थांच्या मान्यताप्राप्त चेंडूंच्या यादीत आहेत याची खात्री करावी. रेंजवर तिथल्या चेंडूंनी केलेली तुलना निरुपयोगी आहे. ते चेंडू टिकाऊपणासाठी टणक केलेले, अनेकदा मुद्दाम कमी अंतराचे आणि हजारो फटके खाल्लेले असतात.

तुलना ग्रीनपासून मागे करत यावी. बहुतेकजण नेमके उलटे करतात: पहिल्या टीवर नवा चेंडू ठेवतात, ड्रायव्हर दूर गेला की खूश होतात आणि निकाल तिथेच लागतो. चेंडूंमधला फरक ड्रायव्हरवर सर्वांत कमी आणि ग्रीनभोवती सर्वांत जास्त असतो, म्हणून पहिला निकाल ग्रीनभोवतीच घ्यावा. मैदानाच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊन संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सरावाच्या ग्रीनवर जावे. पटपासून सुरुवात करून पंधरा यार्डांची चिप आणि मग पस्तीस यार्डांचा पिच मारावा. सोबत्याने किंवा कॅडीने चेंडू नाव खाली करून ठेवावा आणि नमुने आलटूनपालटून द्यावेत, कारण एकाच नमुन्याचे सलग दहा फटके मारले की हात सरावतो आणि शेवटचा नमुना उगीचच चांगला ठरतो. प्रत्येक पिचनंतर उतरण्याच्या जागी टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचावा आणि तिथून चेंडू थांबला तिथपर्यंत पावले मोजून वहीत लिहावीत. चुकलेला फटका लिहू नये. प्रत्येक नमुन्याचे आठ चांगले फटके जमले की आकडे बोलू लागतात.

मग दुसऱ्या दिवशी मोकळ्या होलवर सात नंबरचे आयर्न आणि शेवटी ड्रायव्हर. अंतर मोजताना सर्वांत लांब गेलेला फटका खोडून टाकावा. महत्त्व आहे ते पसाऱ्याला: सात नंबरचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा चांगला फटका यांत किती यार्ड आहेत? जो नमुना १४५ ते १५१ मध्ये पडतो तो १४२ ते १५६ मध्ये पडणाऱ्यापेक्षा मला केव्हाही चांगला वाटतो, जरी दुसऱ्याने एकदा १५६ गाठले असले तरी. दोन युरेथेन चेंडूंत काहीच फरक आढळला नाही, तर स्वस्त असलेला घ्यावा. ज्यांचे एका फेरीत चार-पाच चेंडू पाण्यात किंवा झाडीत हरवतात, त्यांना मी अजूनही आयनोमरचाच चेंडू सुचवतो. पण दर वेळी एकच नमुना, आणि चेंडू पुढे पळणार हे हिशेबात धरून.

चेंडू नव्हे, फटका किंवा क्लब

तीनही नमुने सारखेच विखुरलेले पडले, तर दोष चेंडूत नाही. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका काढावा, तो फेसकडे करून ठेवावा आणि कोरड्या गवतावरून फटका मारावा. फेसवर उमटलेली खूण दर वेळी टोकाकडे, टाचेकडे किंवा अगदी खाली दिसत असेल, तर अंतर तिथेच हरवते आहे. प्रत्येक फटक्यानंतर फेस पुसावा, आणि दहा खुणांचे फोनवर फोटो काढून ठेवावेत. ते पुढे प्रशिक्षकाला दाखवायला उपयोगी पडतात.

ड्रायव्हरचा आवाज अचानक बद्द झाला असेल आणि अंतर एका आठवड्यात घटले असेल, तर फेसवर आणि फेस जिथे मुकुटाला, म्हणजे डोक्याच्या वरच्या भागाला, जोडतो त्या कडेवर नख फिरवून केसाइतकी बारीक चीर आहे का ते पाहावे. चीर सापडली तर त्या ड्रायव्हरने एकही फटका मारू नये.

थांबावे कुठे

चिरलेला ड्रायव्हर चिकटवण्याचा प्रयत्न करू नये. तो थेट क्लब-दुरुस्ती करणाऱ्याकडे किंवा वॉरंटीत असेल तर विक्रेत्याकडे न्यावा. आयर्नचे दोन शेजारचे क्लब सारखेच अंतर जात असतील, तर त्यांचा लॉफ्ट बदललेला असण्याची शक्यता असते. टणक मॅटवर वर्षानुवर्षे मारल्याने फोर्ज केलेल्या, म्हणजे ठोकून घडवलेल्या, क्लबचा लॉफ्ट एक-दोन अंशांनी सरकतो, आणि एका अंशामागे साधारण दोन-तीन यार्डांचा फरक पडतो. हा कोन मापायला आणि वाकवायला यंत्र लागते. घरच्या शिकंज्यात क्लब धरून वाकवणाऱ्यांचे मोडलेले हॉझेल (दांडी जिथे बसते तो गळा) मी पाहिले आहेत. ओतीव क्लब तर सहज तडकतो. खाचा झिजल्या असतील तर दुरुस्ती नाही, वेजच बदलावी लागते.

फेसवरच्या खुणा विखुरलेल्या असतील, तर पुढचा खर्च चेंडूवर किंवा क्लबवर न करता प्रशिक्षित शिक्षकाच्या दोन-तीन तासांवर करावा. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल, पकड घट्ट केली की कळ मनगटाकडे उतरत असेल, तर सगळी तुलना तिथेच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. मऊ चेंडू घेऊन ते दुखणे लपवत खेळलेल्या दोघांना नंतर कित्येक महिने क्लब हातात धरता आला नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

वरचे सगळे करूनही चेंडू थांबत नसेल, तर लाँच मॉनिटर (चेंडूचे उड्डाण मोजणारे यंत्र) असलेल्या, क्लब जुळवून देणाऱ्या फिटरकडे तासाभराची वेळ घ्यावी. तो चेंडूचा वेग, निघण्याचा कोन, उंची, उतरण्याचा कोन आणि फिरकी प्रत्यक्ष मोजतो. सात नंबरच्या आयर्नला व्यावसायिकांच्या हातून मिनिटाला सुमारे सात हजार फेऱ्या मिळतात. आपल्या फेऱ्या चार हजारांच्या खाली असतील, तर शाफ्ट, लॉफ्ट आणि फटक्याचा कोन या तिन्हींची तपासणी त्यानेच करावी. जाताना आपल्या नमुन्याचे सहा नवे चेंडू, पावलांची वही आणि फेसच्या खुणांचे फोटो सोबत न्यावेत, आणि मोजणी रेंजच्या चेंडूंऐवजी आपल्याच चेंडूंवर करायला सांगावी.